पेटीबाहेरची थंडी

गोरेगावात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. त्या मरोळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. सकाळी सातची पाळी. म्हणून सहाच्या सुमारास सायकल काढायची, हायवे ओलांडून आरे कॉलनीत शिरायचं आणि अंधारातच मरोळ गाठायचं, हा त्यांचा रोजचा नेम. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे ताईंचा सगळा प्रवास रात्रीच्या शेवटच्या आणि सगळ्यात गार तासातला.

त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. फोनवर १७ अंश दिसत असताना ब्रेक दाबता येऊ नये इतकी बोटं का बधीर होतात? पाऊस नाही, तरी आवारात उघड्यावर लावलेल्या सायकलची सीट रोज ओली का मिळते, आणि शेजारी पत्र्याच्या शेडमधल्या सायकली कोरड्या कशा राहतात? आणि इतक्या पहाटे, गाड्यांची गर्दी नसताना, झाडीतून येऊनही कामावर पोचल्यावर घसा का खवखवतो? शेवटी एक ओळ आहे: ‘माझ्या दिल्लीच्या मैत्रिणी मला हसतात. सतरा अंशांना तुम्ही थंडी म्हणता का, असं विचारतात.’

ताई, आधी या शेवटच्या ओळीचं बघू. मैदानी प्रदेशात पारा १० अंशांवर किंवा त्याखाली आल्याशिवाय हवामान विभाग थंडीच्या लाटेचा विचार करत नाही. किनाऱ्यावरच्या ठिकाणांसाठी मात्र निकष वेगळा आहे: किमान तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली असलं की लाट म्हणता येते. म्हणजे थंडी ही सवयीच्या मानाने मोजायची गोष्ट आहे, हे खुद्द हवामानशास्त्राने मान्य केलेलं आहे. शिवाय मुंबईचा पाराही अगदीच लाजाळू नाही. जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती. त्या पहाटे सायकलवरून दूध टाकायला निघालेल्या माणसाच्या हातांचं काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता तुमच्या फोनवरच्या त्या १७ अंशांकडे येऊ. हवेचं तापमान मोजण्याचा जो रिवाज जगभर आहे तो एका पांढऱ्या लाकडी पेटीपासून सुरू होतो. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर चार पायांवर उभी, चारही बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या, वर दुहेरी छप्पर, आपल्या गोलार्धात दार उत्तरेकडे. तिचं नाव स्टीव्हन्सन पेटी. दीपगृहं बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६० च्या दशकात ती तयार केली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. मुलाचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे, पण वडिलांची पेटी आजही जवळजवळ प्रत्येक वेधशाळेच्या हिरवळीवर उभी असते. आता अनेक ठिकाणी लाकडाऐवजी प्लॅस्टिकच्या चकत्या आणि पाऱ्याऐवजी संवेदक आले आहेत, पण तत्त्व तेच राहिलं आहे.

ही पेटी करते काय? ती तापमापकाला दोन गोष्टींपासून लपवते. वरून दिसणाऱ्या उघड्या आकाशापासून आणि थेट अंगावर येणाऱ्या वाऱ्यापासून. हे योग्यच आहे. तसं केलं नाही तर सांताक्रूझच्या आकड्याची नागपूरच्या आकड्याशी तुलनाच करता येणार नाही. पण सायकलवर बसलेल्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी भोगाव्या लागतात. त्याच्या डोक्यावर छप्पर नसतं आणि बाजूला पट्ट्या नसतात. फोनवरची थंडी पेटीच्या आतली आहे, ताईंची पेटीबाहेरची.

इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्टीव्हन्सनची पेटी येण्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, कुलाब्याच्या वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी घेणाऱ्यांत एक मराठी मुलगा होता. केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२५, अलिबागजवळच्या नागावचा. पुढे हेच केरूनाना पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले, पंचांगाच्या वादात त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. पण त्यांच्या उमेदीतला मोठा काळ वेधशाळेतल्या कामात गेला हे फारसं कोणी सांगत नाही. नोंदी घ्यायच्या म्हणजे रात्री-अपरात्री दिवा घेऊन उपकरणापाशी जायचं, आपल्या श्वासाने पारा चढू नये म्हणून तोंड बाजूला धरायचं, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. मुंबईच्या हवेबद्दल आज आपण ठामपणे काही बोलू शकतो ते अशा अनेक वर्षांच्या वह्यांच्या जोरावर. यातल्या बहुतेक हातांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. केरूनानांचं ठाऊक आहे, तर ते घ्यायला हवं.

सीट ओली करतं कोण?

मराठीत आपण म्हणतो ‘दव पडतं’. पाऊस पडतो तसं. माणसाने हजारो वर्षं हेच मानलं, आणि ज्यांना ते पटलं नाही त्यांनी दव जमिनीतून वर येतं असं मानलं. हा प्रश्न निकालात काढला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या एका आजारी डॉक्टरने. विल्यम चार्ल्स वेल्स त्यांचं नाव, जन्म १७५७ चा, अमेरिकेतल्या चार्ल्सटनमधला. प्रकृती खालावलेली असताना हा माणूस रात्र रात्र एका बागेत काढत असे. सोबत लोकरीचे छोटे पुंजके, प्रत्येक दहा ग्रेनचा, म्हणजे एक ग्रॅमही भरणार नाही इतका. एक लाकडी फळी चार काठ्यांवर टेबलासारखी उभी करायची, एक पुंजका फळीच्या वर ठेवायचा, एक फळीच्या खालच्या बाजूला अडकवायचा आणि काही वेळाने दोन्हींचं वजन करायचं. फळीवरच्या लोकरीने खालच्या लोकरीच्या तिपटीहून अधिक पाणी टिपलेलं असे. दोन्हींच्या भोवतीची हवा तीच, ओल तीच. मग फरक कशाचा? वरच्या लोकरीला आकाश दिसत होतं, खालच्या लोकरीला नाही.

‘दव पडतं’ म्हणणारे म्हणतील, बरोबरच आहे, वरून पडलं म्हणून वर जास्त. पण वेल्स यांनी तापमापकही ठेवले होते. उघड्यावरचं गवत आणि लोकर भोवतालच्या हवेपेक्षाही गार झालेली त्यांना आढळली, आणि दव दिसायच्या आधीच. म्हणजे आधी गारवा आला आणि मग दव. प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने. डोक्यावर छप्पर, झाड किंवा ढग असेल तर तेही तितक्याच मापाने उष्णता परत पाठवतात आणि देवाणघेवाण जवळपास फिटते. निरभ्र, कोरडं आकाश मात्र फार थोडं परत देतं. आपल्या वातावरणात साधारण ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या लहरींना बाहेर सोडणारी एक खिडकीच आहे. त्या खिडकीतून सीटची उष्णता थेट अंतराळाकडे निघून जाते. सीट हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि त्या हवेतली वाफ पाणी होऊन सीटवर बसते. शेडमधल्या सायकलीला आकाशाऐवजी पत्रा दिसतो. म्हणून ती कोरडी.

वेल्स यांचा दवाबद्दलचा निबंध १८१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिलं. १८१७ मध्ये ते गेले. याच माणसाने १८१३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या एका निबंधात नैसर्गिक निवडीची कल्पनाही मांडली होती, डार्विनच्या कितीतरी आधी. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या नंतरच्या एका आवृत्तीत डार्विन यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. दोन दोन मोठ्या गोष्टी हाती लागलेल्या या डॉक्टरचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण वेल्स यांच्याही आधी हे ज्यांना हाताने ठाऊक होतं ती माणसं आपल्याच देशातली. १७७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सर रॉबर्ट बार्कर यांनी रॉयल सोसायटीला अलाहाबादकडे बर्फ कसा करतात याची हकिगत कळवली. जिथे नैसर्गिक बर्फ कधी पाहायला मिळत नाही अशा सपाट मुलखात! मोकळ्या मैदानात उथळ, मोठाले खड्डे खणायचे, तळाला उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर द्यायचा, त्यावर बिनझिलईच्या मातीच्या पसरट परळांच्या रांगा मांडायच्या आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. पहाटे सूर्य उगवायच्या आत परळांवर आलेला बर्फ गोळा करायचा आणि जमिनीखालच्या कोठारात ठासून ठेवायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम.

मडक्यातलं पाणी गार होतं तसं हे बाष्पीभवनामुळे होत असावं, असा त्या काळच्या विद्वानांचा कल होता. वेल्स यांनी त्यांना दोन साध्या गोष्टी विचारल्या. बाष्पीभवन हवं असेल तर वारा हवा, पण बर्फ करणारे कारागीर वारा पडलेली रात्र का निवडतात? आणि परळांखालची ताटं ओली झाली तर ती बदलून कोरडी का घालतात? उत्तर आकाशात होतं. ताटांचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नव्हता, पडलेला वारा आसपासची ऊब आणून देत नव्हता आणि निरभ्र आकाश उष्णता ओढून नेत होतं. निरभ्र आणि निवांत, या दोन अटी त्या कारागिरांनी नेमक्या हेरल्या होत्या. बार्कर यांचं नाव राहिलं, वेल्स यांचं थोडंफार राहिलं. परळ मांडणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

याच दोन अटी जमल्या की महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात आणि वर्तमानपत्रांत पांढऱ्या झालेल्या गवताचे फोटो येतात. त्याच बातमीत किमान तापमान पाच-सहा अंश दिलेलं असतं आणि वाचक गोंधळतात. शून्याच्या वर असताना पाणी गोठलं कसं? पाच-सहा अंश हे पेटीतले. गवताच्या पात्याला आकाश दिसतं आणि तलावाकाठच्या सखल जागेत रात्री जड गार हवा उतरून साचते. पात्यापुरतं शून्य गाठायला तेवढं पुरतं.

आरेतही लहान प्रमाणावर हेच घडतं. रात्री उतारावरची हवा जमिनीला टेकून गार होते, जड होते आणि पाण्यासारखी घळींतून खाली वाहते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून, विहार आणि पवईच्या बाजूने, मिठी नदीच्या पात्राकडे. मरोळ-मरोशीकडे उतरताना अचानक पायांना गार पाण्यात शिरल्यासारखं वाटतं ना, ताई? ती कल्पना नाही. तुम्ही खरोखरच हवेच्या डोहात शिरता. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र उशाला असतो, त्यामुळे तिथलं जानेवारीचं सरासरी किमान तापमान १९ अंशांच्या वर राहतं. सांताक्रूझचं १७ च्या आसपास. आणि आरे, बोरिवली, मुलुंडच्या डोंगरपायथ्याला अशा पहाटे त्याहूनही दोन-तीन अंश कमी सहज असतात. फोनवरचा आकडा तुमच्या रस्त्याचा नव्हेच.

स्वतःचा वारा

आता बोटांचा प्रश्न. सीट गार होण्यामागे आकाश होतं, बोटांमागे मुख्यतः वारा आहे. आणि तो वारा ताईंनी स्वतः केलेला आहे.

या शास्त्राचा उगम अंटार्क्टिकातला. पॉल सिपल हा अमेरिकन मुलगा बालवीर म्हणून निवडला जाऊन १९२८ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेला आणि तो बर्फ त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही. १९४१ च्या हिवाळ्यात सिपल आणि चार्ल्स पॅसल या भूगर्भशास्त्रज्ञाने तळावरच्या एका इमारतीच्या छपरावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाव किलो पाणी टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. बस्स, एवढंच. त्यावरून १९४५ मध्ये त्यांनी वाऱ्याने होणाऱ्या उष्णतेच्या ऱ्हासाचं सूत्र दिलं. पुढे अनेक वर्षं हवामान बातमीपत्रांत ‘वाऱ्यामुळे इतके अंश भासतील’ असं जे सांगत, ते या नळकांड्याच्या जोरावर. त्या सूत्रात एक खोट होती: वारा सेकंदाला २५ मीटरच्या पुढे गेला की ते म्हणे, आता थंडी कमी होईल! वादळात ऊब. सूत्र जेवढ्या वाऱ्यांवर बेतलं तेवढ्यापुरतंच खरं असतं, हे विसरलं की असं होतं.

२००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र आणलं. या वेळी नळकांड्याऐवजी माणसं होती: टोरांटोत सहा पुरुष आणि सहा स्त्रिया गार वाऱ्याच्या बोगद्यात चालत्या पट्ट्यावर चालल्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवर संवेदक लावले होते. हे सूत्र जास्त प्रामाणिक आहे, पण त्याच्या दोन अटी नीट वाचा. ते १० अंश आणि त्याखालच्या तापमानासाठीच आहे, आणि त्यातला माणूस चालत असतो, सायकलवर नसतो. म्हणून फोनमध्ये १७ च्या शेजारी ‘भासते १६’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर फार विसंबू नका. तो ज्या त्या कंपनीचा आपला हिशेब असतो. शिवाय त्यातला वारा हा हवामान केंद्राच्या रिवाजाप्रमाणे दहा मीटर उंचीवरचा. पहाटे आरेत तो जवळपास शून्य असेल. तुमच्या बोटांना लागणारा ताशी २० किलोमीटरचा वारा कुठल्याही केंद्राला दिसत नाही, कारण तो तुमच्या पायडलमधून येतो.

तो किती भारी पडतो? सिपल-पॅसलचं जुनं सूत्र उघड्या त्वचेसाठी ढोबळ अंदाजाला वापरलं तर १४ अंशांच्या हवेत चालणाऱ्यापेक्षा ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याची उष्णता सुमारे ४० टक्के अधिक वेगाने जाते. स्थिर हवा ही फार चांगली गोधडी आहे. आपल्या त्वचेभोवती तिचा काही मिलिमीटरचा थर नेहमी असतो आणि वारा तो ओरबाडून नेतो.

इथे एक नाजूक फरक आहे आणि मला तो फार आवडतो. वारा कितीही सुटला तरी कोरडी वस्तू हवेच्या तापमानाखाली जात नाही. तो फक्त तिथपर्यंत लवकर पोचवतो. आकाश मात्र हवेच्याही खाली नेतं. म्हणून रात्रभर उभी राहिलेली सायकल हवेपेक्षा गार असते आणि ताई त्या गार लोखंडी हँडलला हात घालून निघतात. पहिल्या पाच मिनिटांत आकाश आणि वारा दोघांचाही मारा एकाच हातावर होतो.

शरीर काय करतं, तर हिशेब. सायकल चालवताना पायडलवर १०० वॉट काम होत असेल तर अंगात तीनशे-चारशे वॉट उष्णता तयार होते, कारण स्नायूंची कार्यक्षमता पाव हिश्श्याच्या आसपासच असते. म्हणून गोरेगाव चेकनाक्यापर्यंत कुडकुडणाऱ्या ताईंची पाठ आरेच्या चढावर घामेजते. पण बोटांचा निर्णय त्याआधीच झालेला असतो. गारवा जाणवताच मेंदू हातापायांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आवळतो, ऊब आत राखून ठेवतो. बोटांत स्नायू जवळपास नाहीतच, त्यांना हलवणारे स्नायू मनगटाच्या मागे आहेत. त्यामुळे बोटं स्वतः उष्णता तयार करू शकत नाहीत, ती रक्तावर जगतात. रक्त आटलं की ती भोवतालची होतात. आणि बधीर बोटाने ब्रेक उशिरा लागतो. म्हणून हातमोजे ही चैन नव्हे. लोकरी असतील तर वर वारा अडवणारा एक पातळ थर हवा, कारण विणीच्या भोकांतून वारा सरळ आत शिरतो. आणि मोजे निघण्याआधी, घरातच घालायचे, हात गरम असताना. मोजा ऊब देत नाही, असलेली राखतो.

जाता जाता चाकांतल्या हवेचंही सांगतो, कारण ते शाळेतलंच गणित आहे. दुपारी ३२ अंशांत ५० पौंड हवा भरली तर पहाटे १४ अंशांत ती ४६ च्या आसपास भरेल. ट्यूब फुटलेली नाही, गळत नाही. हवा आकसली. थंडीत सायकल जड चालते असं वाटतं त्यातला एक भाग हा, आणि दुसरा असा की गार हवा सहा टक्के दाट असते, ती कापत जायची.

झाकण

तिसरा प्रश्न घशाचा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण मुंबईच्या सायकलवाल्याला थंडीपेक्षा त्याची चिंता करायला हवी.

निरभ्र आणि निवांत रात्र सीट ओली करते हे आपण पाहिलं. तीच रात्र जमिनीलगतची सगळी हवा गार करते. एरवी वर जावं तसं तापमान कमी होत जातं, म्हणून खालची उबदार हवा धूर घेऊन वर चढते आणि पांगते. अशा पहाटे उलटं असतं. खाली गार, वर त्यापेक्षा उबदार. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हटलेलं असतं. गार हवा जड, ती उठणार नाही. धूर थोडा वर जातो आणि जणू अदृश्य झाकणाला डोकं आपटून आडवा पसरतो. बोरिवलीच्या कान्हेरी गुंफांच्या वरच्या कातळावरून हिवाळ्यात सकाळी पश्चिमेकडे बघितलं की हे झाकण उघड्या डोळ्यांना दिसतं: इमारतींच्या मधोमध एक तपकिरी पट्टा आणि त्याची वरची कडा पट्टीने आखल्यासारखी सरळ.

आदल्या संध्याकाळपासून हायवेवरच्या ट्रकांनी, बांधकामांनी, कचरा पेटवणाऱ्यांनी, नाक्यानाक्यावर रखवालदारांनी केलेल्या शेकोट्यांनी जे जे हवेत सोडलं ते या झाकणाखाली पहाटेपर्यंत राहतं. रस्ता रिकामा आहे, पण हवा रिकामी नाही. आणि मगाचचा तो हवेचा डोह आठवा. गार हवा जिथे साचते तिथेच धूरही साचतो. म्हणून आरेच्या झाडीतही घसा खवखवतो. झाडं पानांवर थोडी धूळ धरतात, पण झाकण उचलणं त्यांच्या हातात नाही. गारवा आणि धूर ही एकाच रात्रीची दोन लेकरं आहेत. गार वाटते म्हणून हवा शुद्ध, हा आपला फार जुना आणि फार हट्टी समज आहे.

हे झाकण उचलतो तो सूर्य. जमीन तापली की खालची हवा हलकी होते आणि साधारण आठ-नऊनंतर थर ढवळू लागतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात तेव्हा खरी सुटका. ते वारे रखडले की काय होतं ते आपण २०२२-२३ च्या हिवाळ्यात पाहिलं, जेव्हा मुंबईची हवा दिवसेंदिवस वाईट राहिली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘सफर’ ही हवेच्या दर्जाची यंत्रणा उभारणारे डॉ. गुफरान बेग यांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाशी, म्हणजे प्रशांत महासागरातल्या गारव्याशी, जोडला. ‘सफर’ची केंद्रं बोरिवली, मालाड, अंधेरी, भांडुप इथेही आहेत. फोनवर तापमान बघता त्याच वेळी जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा, म्हणजे अतिबारीक धूलिकणांचा, आकडा बघायची सवय लावून घ्या. तो तुमच्या पहाटेबद्दल त्या १७ अंशांपेक्षा बरंच अधिक सांगेल.

सायकलवाल्याचं दुखणं असं की तो श्वास जास्त घेतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, पायडल मारणारा तीस-चाळीस लिटर सहज. मग सायकल सोडायची का? याचा हिशेब २०१६ मध्ये केंब्रिजच्या मार्को टाइनिओ आणि सहकाऱ्यांनी मांडला. व्यायामाचा फायदा आणि प्रदूषणाचा तोटा तराजूत घातला तर पीएम २.५ दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातसुद्धा रोज दीड तास सायकल चालवेपर्यंत फायद्याचं पारडं जड राहतं. मुंबईची वर्षभराची सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. ताईंचा जाऊन-येऊन तासाभराचा प्रवास त्यात आरामात बसतो. तेव्हा सायकल सोडू नका. वाईट आकड्याच्या दिवशी चांगला बसणारा एन-९५ मास्क लावा आणि चढावर जोर करू नका. हातरुमाल बारीक धूर अडवत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण तो श्वासाची हवा थोडी उबदार आणि दमट करतो, आणि कोरड्या गार हवेने ज्यांची छाती आवळते त्यांना त्याचा उपयोग होतो.

त्या दीड तासाच्या रेषेपलीकडे मात्र माणसं आहेत. घाटकोपरच्या गल्ल्यांतून पाव पोचवणारे, मुलुंडला दुधाच्या पिशव्या टाकणारे, अंधेरीत रात्रपाळी संपवून घरी निघालेले रखवालदार. आणि ही पुरवणी तुमच्या दारात टाकणारे. त्यांचे तीन-चार तास झाकणाखालीच जातात, वर्षानुवर्षं, आणि त्यांच्यासाठी कुणी तराजू मांडलेला नाही. मांडायला हवा. संवेदक आता इतके लहान झाले आहेत की हँडलला बांधता येतात. मुंबईच्या पेपरवाल्यांच्या शंभर सायकलींवर एक हिवाळा ते फिरले तर या शहराच्या पहाटेबद्दल जे कळेल ते कुठल्याही उपग्रहाकडून कळणार नाही.

बोरिवली स्टेशनबाहेर पहाटे साडेचारला वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरतात. आमच्या इमारतीचे पेपरवाले काका तिथेच पुरवण्या आत घालत बसलेले असतात. मफलर, कानटोपी, आणि शर्टाच्या आत, छातीवर, जुन्या वर्तमानपत्राची चार पानं. डोंगरउतारावर शर्यतीतले सायकलपटू नेमकं हेच करतात: कागद वारा आत येऊ देत नाही आणि पानांमधली हवा हलू देत नाही. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, ‘वारा लागत नाही ओ.’ शेवटची इमारत होईपर्यंत साडेआठ वाजतात. ऊन अंगावर येतं, तपकिरी पट्टा विरायला लागलेला असतो, आणि काका तो कागद काढून, घडी घालून सायकलच्या पिशवीत ठेवतात.